चौदा सेंटिमीटरचा चौकोन

ओट्यामागची भिंत कशी असावी, हे घर बांधताना कुठल्याही बाईला विचारा. उत्तर ठरलेलं असतं. फोडणीचे डाग ओल्या फडक्यानं निघाले पाहिजेत. भिंतीनं ओल धरता कामा नये. दर दोन वर्षांनी रंग काढायची वेळ येऊ नये. आणि चार माणसं घरी आली तर बरी दिसावी. म्हणून आपण तिथं टाइल्स लावतो. दुकानात जायचं, एका डब्यात किती चौरस फूट बसतात, कापाकापीत किती तुकडे वाया जातील एवढा हिशेब करायचा आणि मोकळं व्हायचं. यात कला वगैरे काही असेल, हे आपल्या मनातही येत नाही.

पोर्तुगाल नावाच्या लहानशा देशानं मात्र नेमक्या याच चार गरजांमधून पाचशे वर्षं एक मोठी कला सांभाळली. तिथले राजवाडे, चर्च, मठ, जिने, रेल्वे स्टेशनं, भाड्याच्या साध्या इमारती, सगळ्यांच्या भिंती या कलेनं झाकल्या आहेत. त्या टाइलला तिथं अझुलेजू म्हणतात. गोव्याला जाऊन आलेल्यांनी घरांच्या दारावर निळ्या-पांढऱ्या टाइलवर लिहिलेली नावं पाहिली असतील. ती याच घराण्यातली.

मी कॉमर्सची, त्यामुळे कुठल्याही गोष्टीत आधी जमाखर्च शोधायची खोड आहे. अझुलेजूच्या इतिहासात तो जितका लख्ख दिसतो, तितका दुसऱ्या कलेत क्वचितच दिसत असेल. तिजोरीत पैसा आला तेव्हा ही कला फुलली, यात नवल नाही. पण पैसा आटला, देश परक्याच्या हाताखाली गेला, राजधानी जमीनदोस्त झाली, तेव्हाही ती बंद पडली नाही. प्रत्येक वेळी तिनं काटकसरीची नवी युक्ती काढली आणि त्या युक्तीतूनच नवं सौंदर्य आलं. आजची गोष्ट ती आहे.

नाव निळ्याचं नव्हे

पोर्तुगीज भाषेत निळ्याला ‘अझुल’ म्हणतात. त्यामुळे अझुलेजू म्हणजे निळी टाइल, असं वाटणं साहजिक आहे. पण तसं नाही. अझुल हा शब्द लाजवर्द या फारसी शब्दापासून आला. अझुलेजू आला तो अरबीतल्या ‘अल्-झुलैज’वरून, म्हणजे घासून गुळगुळीत केलेला लहान दगड. पहिले अझुलेजू तर फारसे निळेही नव्हते. हिरवा, मधासारखा तपकिरी, पांढरा, काळा असे त्यांचे रंग होते.

आठव्या शतकात उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुसलमानांनी स्पेन आणि पोर्तुगालच्या मोठ्या भागावर राज्य केलं. त्यांच्या कारागिरांनी भिंती सजवायची एक रीत आणली. एकेका रंगाच्या झिलई दिलेल्या टाइल्स घ्यायच्या, चिमट्यानं आणि हातोडीनं त्यांचे तारे, पट्ट्या, त्रिकोण तोडायचे आणि एकमेकांत बसवून नक्षी करायची. काम देखणं, पण मजुरी किती! एका हातभर भिंतीसाठी शेकडो तुकडे. श्रीमंताशिवाय कुणाला परवडणार?

पहिली काटकसर इथंच झाली. तुकडे तोडण्याऐवजी पूर्ण नक्षी एकाच चौकोनी टाइलवर काढावी, असं सेव्हिलच्या कुंभारांनी ठरवलं. अडचण अशी, की भट्टीत झिलई वितळते आणि शेजारचे रंग एकमेकांत ओघळतात. त्यावर त्यांनी उपाय काढला. नक्षीची रेघ तेलात मँगनीज कालवून काढायची आणि मधल्या घरांत पाण्यात कालवलेले रंग भरायचे. तेलाची रेघ पाण्याला ओलांडू देत नाही. भट्टीत तेल जळून जातं, मागं बारीक काळी रेघ राहते आणि रंग आपापल्या घरात. पुढं याहूनही सोपी रीत आली. कोरलेल्या साच्यात ओली माती दाबायची, की कडा आपोआप उंच उठतात. बांध घातलेल्या वाफ्यात पाणी राहावं तसा रंग त्या कडांच्या आत राहतो. साच्यातली टाइल भराभर निघू लागली आणि स्वस्तही पडू लागली.

पोर्तुगालचा राजा पहिला मॅन्युएल १४९८ साली स्पेनला गेला आणि या टाइल्सनी मढवलेल्या भिंती पाहून भारावला. सिंत्रा गावातल्या आपल्या राजवाड्यासाठी त्यानं सेव्हिलहून हजारो टाइल्स मागवल्या. त्या आजही तिथं आहेत. हाच तो राजा, ज्यानं वास्को द गामाला धाडलं. आणि १४९८ हेच ते साल, ज्या साली गामाची जहाजं कालिकतला लागली. पुढच्या काही वर्षांत लिस्बनच्या तिजोरीत जो पैसा आला, त्यातला मोठा हिस्सा आपल्याकडच्या मिऱ्यांचा होता. म्हणजे या गोष्टीच्या पहिल्या पानापासून आपलंही खातं त्यात उघडलेलं आहे.

पांढऱ्या थराची कमाल

दुसरी युक्ती इटलीहून आली. झिलईत कथील मिसळलं, की ती दुधासारखी पांढरी आणि अपारदर्शक होते. खालची तांबूस माती पूर्ण झाकली जाते. आपल्या लोणच्याच्या बरणीसारखा गुळगुळीत पांढरा पृष्ठभाग मिळतो आणि त्यावर कुंचल्यानं थेट चित्र काढता येतं. रेघांचे बांध नकोत, साचे नकोत. पिझाहून सेव्हिलला स्थायिक झालेल्या फ्रान्सिस्को निकुलोसो या कारागिरानं ही रीत पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये आणली. सोळाव्या शतकाच्या मध्यावर फ्लँडर्सचे कुंभार लिस्बनला येऊन राहिले आणि पोर्तुगालमध्येच अशा टाइल्स होऊ लागल्या. घरचा धंदा उभा राहिला.

काम कसं चालतं ते सांगते. मातीचे चौकोन आधी एकदा भाजून घेतात. मग ते पांढऱ्या झिलईच्या द्रवात बुडवतात. द्रव सुकला, की वरचा थर तांदळाच्या पिठीसारखा भुरभुरीत असतो. त्यावर रंगाचा कुंचला टेकला रे टेकला, की रंग आत शोषला जातो. रेघ खोडता येत नाही. रंग तरी किती? कोबाल्टचा निळा, अँटिमनीचा पिवळा, तांब्याचा हिरवा, मँगनीजचा जांभळट तपकिरी. भट्टीचा जाळ सोसतील असे एवढेच. चांगला तांबडा या यादीत जवळजवळ नाहीच. शिवाय भट्टीआधी दिसतो तो रंग वेगळा आणि नंतर उतरतो तो वेगळा, म्हणजे चित्रकारानं मनातला रंग पाहतच हात चालवायचा. मग दुसऱ्यांदा भाजणं, साधारण हजार अंशांच्या आसपास.

एकच चित्र पुन्हा पुन्हा काढायचं असलं, की कागदावर काढून रेघांवर सुईनं टोचे मारतात, कागद टाइलवर ठेवतात आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर थोपटतात. भरतकामाचं ट्रेसिंग किंवा रांगोळीचा छिद्रांचा छाप वापरलेल्या बायकांना ही रीत वेगळी समजावून सांगायला नको. कोळसा भट्टीत जळून जातो. मोठं चित्र असेल तर प्रत्येक टाइलच्या पाठीवर अक्षर आणि आकडा घालतात. अक्षरावरून ओळ कळते, आकड्यावरून जागा. अगदी खतावणीचे रकाने. गवंड्याला चित्र कळलं नाही तरी चालेल, आकडे वाचता आले की पुरे.

पोर्तुगालच्या टाइलची जुनी नेहमीची बाजू साधारण १४ सेंटिमीटरची. म्हणजे एक चौरस मीटर भिंतीला सुमारे ५१ टाइल्स लागतात. लिस्बनच्या टाइल संग्रहालयात १५८० च्या सुमाराची मरियमेची एक मोठी वेदी आहे. पंधराशेच्या घरात टाइल्स जोडून ती केली आहे. दगडी खांब, कोनाडे, त्यांतल्या मूर्ती, सगळं सपाट टाइलवर रंगवलेलं. खऱ्या संगमरवराचा खर्च नको, म्हणून रंगवलेला संगमरवर.

गालिचा परवडत नाही तेव्हा

१५८० साली पोर्तुगालची गादी स्पेनच्या राजाकडे गेली आणि १६४० पर्यंत त्याच्याकडेच राहिली. दरबार माद्रिदला, लिस्बनला ना राजा ना राजाश्रय. युरोपातली श्रीमंत घराणी तेव्हा भिंतींवर विणलेले पडदे आणि गालिचे लावत. एका पडद्याची किंमत म्हणजे मोठी रक्कम, आणि दमट हवेत त्याला कसर लागायची ती वेगळीच. पोर्तुगालच्या चर्चनी मग टाइलचाच गालिचा केला.

आधी तर नुसते हिरवे-पांढरे किंवा निळे-पांढरे साधे चौकोन तिरके लावून सोंगट्यांच्या पटासारखी भिंत केली. तिथंही एक हिशेब चुकला नाही. टाइल स्वस्त पडली, पण तिरकी लावायला गवंड्याला वेळ फार लागायचा. मजुरी वाढली, तेव्हा ती पद्धत मागं पडली आणि सरळ लावायच्या नक्षीच्या टाइल्स आल्या. चार टाइल्स जोडल्या की एक फूल पुरं होतं, आणि ते फूल शेजारच्या चौघींना हात देतं. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीत चौक वाढवत न्यावा, तशी नक्षी भिंतभर पसरते. काही नक्ष्या तर १२ बाय १२ च्या, म्हणजे एक आकृती पुरी व्हायला १४४ टाइल्स. निळा आणि पिवळा दोनच रंग, पण जमिनीपासून छतापर्यंत भिंत भरली की मोजके रंग आहेत हे लक्षातही येत नाही.

या काळातली मला सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट म्हणजे वेदीच्या पुढच्या बाजूला लावलेल्या टाइल्स. वेदीवरून खाली सोडायचं कापड तेव्हा भारतातून यायचं. सुती छापील, रंगवलेलं, फुलाफांद्यांचं. ते विटायचं, फाटायचं, मेणबत्तीनं डागाळायचं. तेव्हा लिस्बनच्या चित्रकारांनी तेच कापड टाइलवर रंगवलं. वेली, डाळिंबं, मोर, रंगीबेरंगी पक्षी आणि खाली कापडाची झालरसुद्धा! ज्यांनी मूळ कापड छापलं, त्या आपल्याकडच्या कारागिरांना कधी कळलंही नसेल, की त्यांचे मोर समुद्रापलीकडच्या चर्चमध्ये मातीवर जाऊन बसलेत. कापड केव्हाच विरलं, टाइलवरची झालर अजून ताजी आहे.

निळ्याचं राज्य

मग निळं-पांढरं कधी आलं? सतराव्या शतकाच्या शेवटी. चिनी मातीची निळी-पांढरी भांडी जहाजांतून युरोपात येत होती आणि त्यांचं वेड सगळीकडे लागलं होतं. हॉलंडच्या कुंभारांनी तशा टाइल्स करायला घेतल्या. ॲमस्टरडॅमच्या विलेम फान डेर क्लूट आणि यान फान ओर्ट यांच्या कारखान्यांतून पोर्तुगालच्या चर्चसाठी मोठाली चित्रं येऊ लागली. त्यांचं रेखाटन इतकं सफाईदार होतं, की लिस्बनच्या कुंभारांची कामं त्यापुढे कच्ची दिसायची.

तेव्हा राजानं परदेशी टाइल्सची आयात बंद केली. १६८७ ते १६९८, अशी अकरा वर्षं. आयातबंदीनं घरचा माल सुधारतोच असं नाही, हे आपण आपल्या देशातही अनुभवलं आहे. ग्राहकाला दुसरा पर्याय नसला की कारखानदार निर्धास्त होतो. इथं मात्र उलट झालं. एकदा हॉलंडचं काम पाहिलेला ग्राहक आता ओबडधोबड चित्र घेईना. म्हणून कारखान्यांनी कुंभारांऐवजी शिकलेले चित्रकार कामाला लावले. गाब्रिएल देल बार्को आणि त्यानंतर अंतोनियू द ओलिव्हैरा बर्नार्देश अशी माणसं पुढं आली. त्यांनी चौकटीत चित्र बसवलं नाही, तर अख्खी खोलीच चित्र म्हणून हाताळली. खिडकी कुठं, जिना कुठं वळतो, उजेड कुठून येतो, ते पाहून रंगवलं.

त्याच सुमारास ब्राझीलमध्ये सोनं सापडलं. पाचव्या जुआंवच्या काळात, १७०६ ते १७५० मध्ये, लिस्बनला पैशाचा पूर आला आणि अझुलेजूंची मागणी अफाट वाढली. लिस्बनच्या साव व्हिसेन्ते द फोरा या मठात ला फोंतेनच्या प्राणिकथांची ३८ टाइलचित्रं आहेत. आपल्या दुसऱ्या कथासंग्रहातल्या बऱ्याच गोष्टींसाठी आपण पिल्पे नावाच्या भारतीय पंडिताचे ऋणी आहोत, असं ला फोंतेननं स्वतः नोंदवलं आहे. हा पिल्पे म्हणजे ज्याच्या नावावर पंचतंत्र अरबी-फारसीतून युरोपला पोचलं तोच.

स्वयंपाकघरं आणि बोळ यांच्यासाठी मात्र साधी सोय होती. दर टाइलवर एकच लहान चित्र, फूल, पक्षी, गलबत, घर. चारी कोपऱ्यांत छोटासा ठिपक्याफुलांचा आकार, म्हणजे कशाही लावल्या तरी भिंत जुळते. ही कामं बहुधा शिकाऊ पोरांना देत. म्हणून त्यांत कुठं पक्ष्याला चोच जास्त लांब, कुठं गलबत कललेलं. राजवाड्यातल्या चित्रांपेक्षा मला ही पोरांची चित्रं जास्त आवडतात.

भूकंप

१ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, लोक चर्चमध्ये. लिस्बनला भूकंप झाला, मग समुद्राच्या लाटा शहरात शिरल्या आणि मग कित्येक दिवस आग. शहराचा मोठा भाग गेला. हजारो माणसं गेली. राजवाडा, ग्रंथसंग्रह, चित्रं सगळं गेलं. जुनं लिस्बन कसं दिसायचं, हे आज आपल्याला सगळ्यात चांगलं कुठं दिसतं? टाइलवर. सुमारे १७०० साली केलेलं, अंदाजे २३ मीटर लांबीचं लिस्बनच्या नदीकाठाचं चित्र टाइल संग्रहालयात आहे. गाब्रिएल देल बार्कोचं ते काम मानतात. घाट, राजवाडा, चर्चचे मनोरे, गल्लीबोळ, सगळं निळ्या रंगात. शहर पडलं, चौदा सेंटिमीटरच्या चौकोनांत ते शिल्लक राहिलं.

शहर पुन्हा बांधायचं काम पुढं ज्याला मार्क्विस द पोंबाल म्हणू लागले, त्या मंत्र्यानं हाती घेतलं. हजारो घरं, तीही झटपट आणि बेताच्या खर्चात. देवदूत आणि शिकारीची चित्रं काढत बसायला सवड कुणाला होती? पुन्हा साध्या नक्षीच्या टाइल्स आल्या. जिन्याच्या आणि खोल्यांच्या भिंतींना कमरेइतक्या उंचीपर्यंत त्या लावायच्या. १७६७ साली रातू भागात राजाश्रयानं भांड्यांचा कारखाना निघाला आणि त्यात टाइल्सही होऊ लागल्या.

पण लोकांनी या साध्या घरांवर आपली एक गोष्ट लावलीच. दारावर किंवा पहिल्या मजल्याच्या दर्शनी भिंतीवर चार-सहा टाइल्सचं लहान देवचित्र. मरियम, संत अंतोनियू, आगीपासून राखणारा संत मार्सल, भूकंपापासून राखणारा संत फ्रान्सिस बोर्जिया. घर उभं करताना गवंड्यावर विश्वास होता, तरी चौकटीवर कुणाचं तरी लक्ष हवं, असं त्या माणसांना वाटलं. आपणही उंबऱ्यावर आणि चौकटीवर मंगलचिन्ह रेखाटतोच. धर्म वेगळा, पण रात्री दाराला कडी लावताना मनात जे येतं ते वेगळं नसावं.

घराबाहेर आलेली टाइल

१८०७ मध्ये नेपोलियनच्या फौजा आल्या, राजघराणं ब्राझीलला निघून गेलं आणि १८२२ मध्ये ब्राझीलही स्वतंत्र झालं. सोनं संपलं होतंच. पण ब्राझीलनं जाता जाता एक नवी गोष्ट दिली. तिथल्या कडक ऊन आणि धो धो पावसाच्या गावांत लोकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींना टाइल्स लावल्या होत्या. भिंत ओल धरत नाही, ऊन परतवते आणि पावसानं आपोआप धुतली जाते. तिकडं पैसे कमावून परतलेल्या पोर्तुगीजांनी तीच पद्धत लिस्बन आणि पोर्तुच्या रस्त्यांवर आणली. तोवर कारखान्यांत छाप्यानं टाइल काढायची सोय झाली होती, म्हणून मध्यम वर्गालाही ती परवडू लागली. आधी जी शोभा घरच्यांपुरती होती, ती रस्त्यानं जाणाऱ्या कुणाचीही झाली.

लिस्बनमध्ये १८४९ साली लामेगू नावाच्या गृहस्थानं मातीकामाचा कारखाना काढला. तो वारल्यावर त्याच्या बायकोनं तो चालवला आणि कारखान्याचं नावच व्हियुव्हा लामेगू, म्हणजे ‘लामेगूची विधवा’, असं पडलं. आजही तेच नाव आहे. त्यांच्या जुन्या इमारतीची दर्शनी भिंत वरपासून खालपर्यंत रंगीत टाइलचित्रांनी भरलेली आहे. जाहिरातीचा फलक वेगळा लावायला नको, मालच फलक.

पुढं पोर्तुच्या साव बेंतू रेल्वे स्टेशनात जॉर्ज कुलासू या चित्रकारानं १९०५ ते १९१६ मध्ये सुमारे २०,००० टाइल्सवर लढाया, राजांचे प्रवेश, मळणी, द्राक्षांचा हंगाम, जत्रा असं सगळं रंगवलं. तिकिटाच्या रांगेत उभ्या माणसाला देशाचा इतिहास फुकट पाहायला मिळतो. याच कुलासूचं काम आपल्या जवळही आहे. पणजीला आझाद मैदानासमोरच्या इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशदालनात कामोइंश या कवीच्या लुसियाद महाकाव्यातले प्रसंग त्याने १९३५ साली केलेल्या टाइल्सवर आहेत. गामाच्या सफरीचं ते काव्य. चित्रं पोर्तुगीजांच्या बाजूनं रंगवलेली आहेत, हे ध्यानात ठेवून पाहावीत. पण पाहावीत. गोव्यात ही कला तिथंच थांबली नाही. मारिओ मिरांडांची खास गोवेकर माणसं, त्यांची बाजाराची टोपली आणि कुत्री यांच्यासकट आता टाइल्सवर विराजमान आहेत.

विसाव्या शतकाच्या मध्यावर पोर्तुगालच्या शिकलेल्या लोकांना अझुलेजू जुनाट वाटू लागली होती. त्याच वेळी लिस्बनची मेट्रो बांधली जात होती. ती २९ डिसेंबर १९५९ रोजी सुरू झाली. स्थानकांचा वास्तुरचनाकार फ्रान्सिस्कू कैल दु अमाराल. पैसा बेताचा, जमिनीखालच्या नुसत्या सिमेंटच्या भिंती उदास दिसायच्या. त्याची पत्नी मारिया कैल चित्रकार होती. तिनं स्थानकांसाठी टाइल्स आखल्या. माणसं नाहीत, गोष्ट नाही, नुसते त्रिकोण, पट्ट्या, पाकळ्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या आणि दर वेळी थोड्या बदलणाऱ्या. टाइल्स केल्या त्या लामेगूच्या विधवेच्या नावाच्या कारखान्यानं. सतराव्या शतकातल्या काटकसरीच्या गालिच्यांची ही पणती. तिच्या त्या कामानंतर पोर्तुगालच्या नव्या चित्रकारांना टाइलची लाज वाटेनाशी झाली.

एक टाइल हातात, एक भोक भिंतीला

आता थोडी कडू बाजू. लिस्बनला आठवड्यातून दोनदा एक जुना बाजार भरतो, फैरा दा लाद्रा. नावाचा सरळ अर्थ चोरटीचा बाजार. आपल्या मुंबईच्या चोर बाजाराची बहीणच म्हणा. तिथं आणि तशा दुकानांत जुन्या टाइल्स सुट्या विकायला असतात. पर्यटक हौसेनं एक-दोन घेतात. पिशवीत मावते, वजन कमी, आठवण राहते. पण ती टाइल आली कुठून? पुष्कळदा बंद पडलेल्या घराच्या भिंतीवरून रात्री छिन्नीनं काढलेली. चार काढताना दोन फुटतात. विकणाऱ्याच्या हाती एक टाइल येते आणि भिंतीवरची पूर्ण नक्षी कायमची तुटते.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताच्या पाच अतिचारांत तदाहृतादान, म्हणजे चोरानं आणलेली वस्तू घेणं, हाही एक सांगितला आहे. आपण चोरी केली नाही, पैसे मोजून घेतलं, एवढ्यानं सुटका होत नाही. गिऱ्हाईक आहे म्हणून छिन्नी चालते, हा धंद्याचा साधा नियम तिथं फार पूर्वी ओळखलेला आहे.

पोर्तुगालनं यावर उपाय केले. २००७ साली तिथल्या गुन्हे अन्वेषण पोलिसांच्या संग्रहालयानं ‘एसओएस अझुलेजू’ ही मोहीम काढली. चोरीला गेलेल्या टाइल्सची छायाचित्रं लोकांसमोर मांडायला सुरुवात केली, म्हणजे घेणाऱ्याला मला माहीत नव्हतं असं म्हणता येऊ नये. २०१७ मध्ये टाइल्स लावलेल्या दर्शनी भिंती पाडायला देशभर कायद्यानं मनाई आली.

पण मला सगळ्यात पटलेला उपाय पोर्तु शहराचा आहे. तिथल्या नगरपालिकेची एक ‘सामानाची बँक’ आहे. पडक्या किंवा पाडलेल्या घरांच्या टाइल्स तिथं आणून, पुसून, नक्षीप्रमाणे लावून ठेवतात. कुणाच्या घराच्या भिंतीवरच्या टाइल्स निखळल्या, की त्यानं तिथं जायचं, आपली नक्षी दाखवायची. जुळणाऱ्या टाइल्स शिल्लक असतील तर दुरुस्तीसाठी त्याला त्या मिळतात. अडीअडचणीला शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी, तसा हा व्यवहार.

आपल्याकडे जुने वाडे आणि चाळी पुनर्विकासाला जात आहेत. त्यांच्या जिन्यांवर, देवघरांत, न्हाणीघरांत जुन्या रंगीत टाइल्स आणि नक्षीच्या लाद्या आहेत. पाडणारा ठेकेदार त्या राडारोड्यात धरतो. आपल्या इमारतीचा नंबर लागला असेल, तर घर रिकामं करण्याआधी दोन कामं करा. भिंतीचा आणि जमिनीचा पूर्ण फोटो काढा, नक्षीचे चारही कोपरे येतील असा. आणि निघतील तेवढ्या टाइल्स अखंड काढून घ्या, एकेक वाटू नका, एकाच ठिकाणी ठेवा. नव्या घरात देवघराखालचा एक चौरस मीटर जरी भरला, तरी ५१ टाइल्सचं कुटुंब एकत्र राहील.